पाचोऱ्याच्या आत

थर्मामीटरला टोपी घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जळगावच्या एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचा एक छोटा कारखाना होता. तिथे भट्टीसमोर पाण्याची मोठी टाकी होती आणि टाकीच्या काठाला पितळी चौकटीतला लांबलचक थर्मामीटर टांगलेला होता. भट्टी सांभाळणारे नाना सकाळी यायचे, डोक्यावरची पांढरी टोपी काढायचे आणि त्या थर्मामीटरवर अडकवायचे. तो बिचारा दिवसभर टोपीखाली. पाणी किती गरम झालंय हे बघायचं असलं की नाना बाही वर सारून टाकीत कोपर बुडवत, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बायका बघतात तसं. क्षणभर डोळे मिटत आणि मग "चालस" किंवा "थांबा" एवढंच म्हणत. या कोपराची निगाही तशीच होती. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला खोबरेल तेल लागायचं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "कोपर कोरडं पडनं का खोटं बोलस."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्या कारखान्यात माल तपासायला लागले होते. आमच्या भीमनगरातून एमआयडीसीत सायकलवर नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी, आणि घरातलीही पहिलीच नोकरी. त्यामुळे वडील सकाळी माझ्या आधी उठून सायकलची हवा बघायचे. कारखान्यात मला एक खोली होती, तिला सगळे लॅब म्हणत. तिथे दोन मशिनं होती. एक तुकडा ओढून तोडायचं आणि दुसरं टोचून सांगायचं की किती कडक आहे. आम्ही बनवायचो ते आकडे. वायरमन खांबावर चढायला शिडी लावतात ना, तिच्या वरच्या टोकाला खांबात अडकणारा जो आकडा असतो, तो. धुळ्याचे एक शिडीवाले ते आमच्याकडून घ्यायचे. कारखाना आकडे ओतायचा आणि मी कागदावर आकडे लिहायचे. हा विनोद मी पहिल्याच आठवड्यात केला होता. नाना हसले नव्हते.

हसतील कसे? त्याच आठवड्यात मी चाळीस आकड्यांवर लाल खडूनं 'नापास' लिहून ठेवलं होतं. झालं असं की भट्टीत तापवून पाण्यात बुडवलेले आकडे मी तिथल्या तिथे मशिनवर टोचले, तर ते अगदीच मऊ निघाले. लोखंड तापवून पाण्यात घातलं की कडक होतं, हे मला लोहाराच्या दुकानासमोर उभं राहून लहानपणापासून माहीत होतं. अ‍ॅल्युमिनियम उलट वागतं, हे माहीत नव्हतं. ते पाण्यातून मऊच निघतं आणि मग सावकाश कडक होत जातं. आम्ही ते पुढे छोट्या भट्टीत मंद आचेवर रात्रभर ठेवायचो. त्याला आमच्याकडे मुरवणं म्हणत. नानांनी माझा खडू पाहिला, एक ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, आज घालेल लोनचं आजच चाखस का तू?" चाळीसच्या चाळीस आकडे मी पुसले. दुसऱ्या दिवशी सगळे पास.

मग त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. शिकवणं म्हणजे काय, एकाच ओतातले तीन आकडे घेतले, एकाच भट्टीत तापवले. एक पाण्यात टाकला, एक तेलाच्या डब्यात आणि एक नुसता पंख्यासमोर टांगला. तिघांना सारखंच मुरवलं. मग तिघांना पाळीपाळीनं वाइसच्या जबड्यात धरून, लोखंडी पाइप अडकवून मला ओढायला लावलं. वाऱ्यावरचा माझ्यासारख्या काटकुळ्या मुलीच्या हातानंही वाकला. तेलातल्यानं थोडी झटापट केली आणि मग तोही झुकला. पाण्यातला काही केल्या हलेना. "एकच माय, एकच भट्टी," नाना म्हणाले, "पन कोन कोठे निवना, त्यावर बठ्ठं." बठ्ठं म्हणजे सगळं. मग पाकाचं उदाहरण आलं. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते, हळूहळू निवलं तर ती खाली बसते. धातूचंही तसंच. तापल्यावर जे आत विरघळलं ते झटक्यात थंड करून आतच अडकवायचं, पुढे मुरताना त्याचीच ताकद होते. वेळ लावला तर ते आधीच खाली बसतं, मग मुरायला उरतं काय? पुढे मी पुस्तकात हे पानंच्या पानं वाचलं. यापेक्षा जास्त काही त्यात नव्हतं, आलेख तेवढे होते. तो वाऱ्यावरचा वाकलेला आकडा नानांनी भिंतीत ठोकला आणि त्याला जेवणाची पिशवी टांगायला लागले.

आता झटक्यात म्हणजे किती? इथे नानांचं दुसरं खूळ सुरू व्हायचं. ते पाचोऱ्याला राहत आणि रोज पॅसेंजरनं अप-डाऊन करत. भट्टीचं दार उघडलं, कप्पीनं टोपलं बाहेर ओढायला सुरुवात झाली की नाना टाकीशी उभे राहून घरच्या वाटेची स्टेशनं म्हणायला लागायचे, एकेक नाव लांबवून. "शिरसोली... म्हसावद... माहेजी... परधाडे..." आणि पाचोरा म्हणायच्या आत टोपलं पाण्यात गेलं पाहिजे. मी एकदा गुपचूप घड्याळ लावून बघितलं. पाचोऱ्यापर्यंत बरोबर दहा सेकंद, आणि दिवसभरात एका सेकंदाचाही फरक नाही. "पाचोरा उनं का मी उतरी जासू," ते पोरांना दम द्यायचे, "मंग टोपलं तुम्हनं तुम्ही दखा." कारखान्यात उशिरानं वाया गेलेल्या कुठल्याही गोष्टीला 'पाचोरा झालं' म्हणायची पद्धत पडली होती. भाजी करपली, पाचोरा झालं. कोणाचं लग्न मोडलं, पाचोरा झालं.

हे खूळ ते कामावरच ठेवून जात असं नाही. आमच्यातल्या एकाच्या लग्नाला आम्ही सगळे चोपड्याला गेलो होतो. नाना मंडपात न बसता आचाऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले. कढईतून जिलेबी निघाली की यांचं सुरू, "शिरसोली, म्हसावद..." आचारी आधी चिडला, मग घाबरला आणि शेवटी इतक्या चपळाईनं जिलेब्या पाकात टाकायला लागला की तशी कुरकुरीत जिलेबी मी परत खाल्ली नाही. चहाच्या बाबतीत मात्र नाना अगदी उलटे. बशीत ओततील, बशी बाजूला ठेवतील आणि पार गार झाल्याशिवाय तोंडाला लावणार नाहीत. "दिवसभर घाई करस," म्हणायचे, "चहाले तरी निवू दे ना."

आणि टाकी. टाकी म्हणजे त्यांची इस्टेट. तिच्यात कोणी हात धुतलेला चालत नसे. एकदा मालकांचे, म्हणजे शेठजींचे, मेव्हणे पाहुणे म्हणून आले होते. टाकीवर वाकून बघताना त्यांच्या खिशातलं पेन पाण्यात पडलं. नानांनी जाळीनं ते काढलं, पुसलं आणि आपल्या खिशाला लावलं. मेव्हणे बघतच राहिले. नाना शांतपणे म्हणाले, "टाकीमा पडनं ते मनं." टाकीत पडलं ते त्यांचं! शेठजी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी पेन परत गेलं, शाई भरून. पण तेव्हापासून ते वाक्य कारखान्यात कायम झालं. टाकीत काही पडलं, चप्पल असो की पाना, की चार जण एका सुरात म्हणायचे.

नानांच्या या कारभारात एकच अडचण होती. गार पाण्यात झटक्यात बुडाले की आकडे ताकदवान व्हायचे खरे, पण दहांतले तीन-चार वेडेवाकडेही व्हायचे. मग धुळेवाल्यांच्या मापात ते बसत नसत. त्यावर नानांचा इलाज होता. पाण्यातून निघाल्यावर आकडा मऊ असतो, तेवढ्यात त्याला लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोडीनं सरळ करायचा आणि मग मुरवायला टाकायचा. पण जळगावचा उन्हाळा. त्या उकाड्यात आकडे टोपल्यात पडल्यापडल्याच कडक व्हायला लागत आणि हातोडीला दाद देत नसत. म्हणून नाना बर्फाच्या कारखान्यातून लादी आणत, गोणपाटात फोडत आणि आकडे बर्फात पुरून ठेवत. थंडीत त्यांचं कडक होणं लांबतं. "झोपू द्या त्यासले," म्हणायचे. मे महिन्यात माणसांना गार पाणी नाही आणि आकडे बर्फात झोपलेत, हे बघायला शेजारच्या डाळमिलमधली माणसं यायची. शेठजींना त्याची लाज वाटायची. एकदा तर गिऱ्हाइकासमोर त्यांनी सांगितलं की मासे आहेत.

हे सगळं बंद करायची हुशारी माझी. पुस्तकात मी वाचलं की पाणीच थोडं गरम ठेवलं, साठ-सत्तर अंशांवर, तर माल कमी वाकतो आणि ताकदीत फारसा फरक पडत नाही. खोटं नव्हतं ते. मी शेठजींना सांगितलं, एक टोपलं करून दाखवलं. आकडे सरळ निघाले आणि ओढून बघितले तर पास. शेठजींनी सगळ्यांसमोर पेढे वाटले आणि जाहीर केलं, "आजपासून पाणी ताई सांगतील तसं." बर्फ बंद. नानांनी वाद घातला नाही. थर्मामीटरवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "इतला गरम पाणीमा मना कोपरनं काम नही. थर्मामीटर तुना, ताई. टाकी मनीच शे."

पुढच्याच महिन्यात धुळ्याची मोठी ऑर्डर आली, दोनशे आकड्यांची. सकाळी आठ वाजता मी थर्मामीटर बघितला, पासष्ट. वहीत लिहिलं आणि लॅबमध्ये येऊन बसले. साधी गोष्ट मला सुचली नाही. तापलेलं टोपलं पाण्यात गेलं की पाणी तापतं. दुसरं गेलं की आणखी. टाकी आधीच गरम, वर पत्रे, बाहेर मे महिना, ती निवणार कधी? गार पाण्यानं सुरुवात केली असती तर दिवसभरात ते कोमटाच्या थोडं पुढे गेलं असतं. मी सुरुवातच पासष्टला केली होती. दुपारी नाना लॅबच्या दारात आले. "ताई, पाणी उकळाले लागनं." मी रिपोर्टची पहिली बाजू भरत होते. मान वर न करता म्हणाले, "नाना, पुस्तक आहे माझ्याकडे. सत्तरपर्यंत चालतं." ते परत गेले. उठून दहा पावलं जायचं होतं. मी गेले नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात परत म्हटलंय, सांगता येत नाही.

माल मुरला. मी नेहमीप्रमाणे पहिल्या टोपल्यातला एक तुकडा ओढला, उत्तम निघाला. सगळ्या दोनशेंच्या नावानं रिपोर्ट लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी लागली, माल चढायला लागला. नाना दोन आकडे आणि एक कानस घेऊन लॅबमध्ये आले. "हाऊ पहिला टोपलाना," एक टेबलावर ठेवला, "नि हाऊ शेवटला." मग दोन्हींवर कानस फिरवली. पहिल्यावर ती घसरली. शेवटच्यावर चावली, चांदीसारखा भुगा पडला. मी मशिनवर टोचून बघितलं. सुई जिथे थांबली तिथून मला नानांच्या पिशवीचा तो वाकलेला आकडा दिसत होता. फार लांबचं नातं नव्हतं दोघांचं.

पाणी उकळायला लागलं की तापलेल्या मालाभोवती वाफेची गोधडी होते आणि माल आत सावकाश निवत राहतो. हेही पुस्तकात होतं. पुढच्या पानावर.

ही आयडिया माझी, पेढे माझे, सही माझी. नोकरी अजून कच्ची होती. आणि दुसऱ्या बाजूला कुठलातरी वायरमन, ज्याला मी कधी बघितलं नव्हतं. मी नानांना जे म्हणाले ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "सगळेच असे नसतील, नाना. आणि कमी असला तरी एकदम तुटणार नाही." टेबलावरचा रिपोर्ट नानांनी उचलला आणि बाहेर निघाले. मी मागोमाग. टाकीजवळ शेठजी समोरून येत होते, "झाली का सही? द्या इकडे." नानांनी कागद पुढे केला आणि त्यांचा हात थरथरला. कागद टाकीत पडला. माझी सही पाण्यावर निळी पसरत गेली. ज्या हातानं वीस वर्षांत टोपलं एक बोट तिरकं जाऊ दिलं नव्हतं, तो हात थरथरला.

"शेठ, गाडी थांबाडा," नाना म्हणाले. "माल कच्चा शे. बठ्ठा परत भट्टीमा टाकना पडी."

"कच्चा? ताईंनी तपासलाय ना?"

"ताईनं काय चुकनं नही. हात थकना मना. शेवटला टोपलासले पाचोरा व्हई गयं."

सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. नानांच्या हातून पाचोरा. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायचा होता. तो शब्द मी गिळला.

अ‍ॅल्युमिनियमचं एक बरं असतं, बिघडलं तरी ते परत भट्टीत घालता येतं. पुन्हा तापवा, पुन्हा नीट निववा, झालेलं सगळं विसरतं. दोन दिवस लागले. थर्मामीटरवर टोपी आली, पाण्यात कोपर आलं, बर्फाच्या लाद्या आल्या. शेठजीसुद्धा बाह्या सरसावून आकडे सरळ करायला बसले. मी प्रत्येक टोपल्यातला पहिला आणि शेवटचा आकडा तपासला. एकही कमी निघाला नाही. माल धुळ्याला गेला. आणि शेठजींनी नानांना भट्टीवरून काढून गेटवर बसवलं. रागानं नाही, काळजीनं. म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो, टोपलं अंगावर घेईल एखाद दिवशी. नाना गेटवर पंधरा दिवस बसले. सोळाव्या दिवशी पॅसेंजरनं ते आलेच नाहीत. टोपी तेवढी टाकीवर राहिली होती.

मी कायम झाले. रोज ठरवायचे, उद्या सांगू. आठ महिने गेले.

मग एका सकाळी आमच्या भीमनगरातली वीज गेली. वायरमन आला, त्यानं खांबाला शिडी लावली. वर आमचा आकडा. तो गाणं गुणगुणत चढला, वर जाऊन दोन्ही हात सोडून काम करत राहिला. मी दारात उभी. वडील म्हणाले, उशीर होतोय. तो खाली उतरेपर्यंत मला हलता आलं नाही. त्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी शेठजींच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाणी, पुस्तक, मान वर न करणं, सगळं. शेठजी बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर मी तुम्हाला त्याच दिवशी काढलं असतं. ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं. जा, घेऊन या त्यांना."

रविवारी पॅसेंजरनं गेले, त्यांची टोपी पिशवीत घेऊन. ती स्टेशनं मी तोंडपाठ म्हणायचे, पण एकेक करून खिडकीतून पहिल्यांदाच बघितली. नाना अंगणात खाटेवर बसले होते. चहा आला. त्यांनी माझाही बशीत ओतला आणि दोन्ही बश्या बाजूला ठेवल्या.

"शेठजींनी बोलावलंय," मी म्हणाले.

"नको. कोपर आते खरंच खोटं बोलस."

"नाना, मी सांगितलं त्यांना. सगळं. चूक माझी होती, तुम्ही का घेतली?"

"तू चुकनी. पन टोपलं कोन टाकं? मी टाकं. पाणी उकळस हाई माले दिसत व्हतं, तरी टाकं." मग ते थोडं हसले, हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "नि तुनी चूक बी टाकीमाच पडनी ना, ताई. टाकीमा पडनं ते मनं."

मला रडू आवरेना. ते माझ्याकडे न बघता टोपीवरचे पाण्याचे डाग नखानं खरवडत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "सांगाले कितला दिन लागनात तुले?"

"आठ महिने."

त्यांनी डोळे मिटले. टाकीशी उभे राहायचे तसेच, एकेक नाव लांबवून म्हणायला लागले. "शिरसोली... म्हसावद... माहेजी... परधाडे..." मी खाली मान घालून पुढच्या नावाची वाट बघत होते. ते आलंच नाही. वर पाहिलं तर नाना बशी माझ्याकडे सरकवत होते.

"पी," म्हणाले. "निवना आते."